आईच्या आतड्यातून चोथ्याचा गोळा निघाला. आता भाज्या-फळे बंद करावीत का?

प्रश्न (गिरगाव):
माझ्या आईचे वय ७६ आहे. गेल्या महिन्यात तिच्या पोटात थांबून थांबून कळा येऊ लागल्या, हिरवट उलट्या झाल्या, पोट फुगले आणि वारा सरणेही बंद झाले. सीटी स्कॅनमध्ये लहान आतड्यात अडथळा दिसला आणि शस्त्रक्रियेत लिंबाएवढा घट्ट गोळा निघाला, ज्यात संत्र्याच्या फोडींचे पापुद्रे ओळखू येत होते. अल्सरमुळे पूर्वी तिच्या जठराचा काही भाग काढलेला आहे आणि वरची कवळीही सैल आहे. तिने यापुढे भाज्या-फळे सोडावीत का?

प्रतिसाद (निवृत्त सर्जन, पार्ले):
आपण शेवटी लिहिलेल्या दोन गोष्टींतच बहुधा कारण आहे. निरोगी जठर अन्न घुसळून बारीक झालेलेच पुढे सोडते. जठराचा भाग काढल्यावर ही गाळणी राहत नाही, आम्लही कमी होते आणि न चावलेला चोथा तसाच लहान आतड्यात उतरतो. चोथ्यातले तंतू ज्याचे बनतात ते सेल्युलोज पचवणारे विकर (एन्झाइम) माणसाच्या शरीरात तयार होत नाही, त्यामुळे तंतू एकमेकांत गुंतत जातात आणि तो गोळा बहुतेकदा लहान आतड्याच्या शेवटच्या, अरुंद भागात अडकतो. जुन्या मधुमेहात जठर मंदावल्यानेही असे होऊ शकते. भाज्या मात्र तोडू नका. दुधी, तांबडा भोपळा मऊ शिजवून द्या, संत्र्याचा पापुद्रा सोलून द्या आणि कवळी आधी नीट बसवून घ्या.

प्रतिसाद (दादर):
माझ्या वडिलांना शेवग्याच्या शेंगा फार आवडतात. एकदा जेवण झाल्यावर आईच्या लक्षात आले की आमच्या सर्वांच्या ताटात चोथ्याचा ढीग होता आणि त्यांच्या ताटात एकही काडी नव्हती. दात नसल्यामुळे ते सगळे गिळत होते. आता ती चमच्याने गर खरवडून आमटीत घालते. पोट साफ होत नसेल तेव्हा त्यांना इसबगोल द्यावा का?

प्रतिसाद (निवृत्त सर्जन, पार्ले):
साध्या बद्धकोष्ठात, डॉक्टरांना विचारून आणि भरपूर पाण्याबरोबर देता येतो; कमी पाण्यात घेतलेला इसबगोल फुगून स्वतःच अडथळा बनू शकतो. मात्र कळा, उलट्या आणि वारा न सरणे ही लक्षणे एकत्र दिसली, तर इसबगोल, एरंडेल किंवा कोणतेही रेचक देऊ नका. तोंडाने काहीही न देता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.