बी.ए.ला गणित-संख्याशास्त्र सक्तीचे असावे का?

नाणेवेडा: माझ्या मते असावे. ‘आर्ट्सला जा, गणित सुटेल’ हे आपण दहावीच्या निकालादिवशीच मुलांच्या डोक्यात घालतो. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. तक्षशिलेला सापडलेली चांदीची आहत नाणी, म्हणजे ठसे मारून पाडलेली प्राचीन नाणी, त्यांनी एकेक करून तोलली. नाणे हातोहात फिरले की झिजते. जास्त फिरलेल्या गटाचे सरासरी वजन घटते आणि नाण्यानाण्यातली तफावत वाढते. राजाचे नाव नाही, साल नाही, तरी आधीची कुठली नि नंतरची कुठली याचा क्रम वजनावरून लागू शकला. हा इतिहासच आहे ना?

तालुक्याचा मास्तर: कोसंबींसारखा माणूस शतकात एखादा. त्यांच्याकडे बघून अभ्यासक्रम आखू नका. माझ्या वर्गात शेकडेवारी काढा म्हटले की पेन थांबतात. सक्ती केलीत तर मुले गाइड पाठ करतील, एटीकेटी साचेल आणि मुलींचे शिक्षण आधी सुटेल. शिकवणार कोण? तासिका तत्त्वावर चार कॉलेजांत पळणारा कुणीतरी! शिवाय आकड्यांना एवढे डोक्यावर घेऊ नका. कवट्या मोजून वंशश्रेष्ठत्व सांगणारेही आकडेच दाखवत होते.

नाणेवेडा: कवट्यांचा विषय काढलात ते बरे झाले. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२०च्या दशकाअखेरीस बर्लिनमध्ये पीएच.डी. करत होत्या. गोऱ्यांच्या कवटीची उजवी बाजू मोठी, म्हणून ते जास्त विवेकी, असा त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचा कयास. बाईंनी मापे घेतली, वंशावंशात तसा फरक आढळला नाही, आणि प्रबंधात तसेच लिहिले. मार्गदर्शकाच्या विरोधात! मोजता येत नसते तर त्यांनी कशाच्या जोरावर नाही म्हटले असते? तुमच्या वर्गातल्या मुलींनाही हे बळ मिळायला हवे, म्हणून तर माझा आग्रह.

वाचनवेडी: मी मराठी घेऊन एम.ए. केले. अभंगाचा अर्थ लावताना सरासरी कधीच लागली नाही. पण मतचाचणीचा आकडा बातमीत आला की नमुना कुणाचा घेतला, हे विचारायचे असते हेही मला कुणी शिकवले नाही. ती उणीव मला रोज जाणवते.

तालुक्याचा मास्तर: इरावतीबाईंचा मुद्दा मान्य. तरीही शंभर मार्कांच्या वेगळ्या पेपरला माझा विरोधच राहील. जनगणनेचे तक्ते समाजशास्त्राच्या तासालाच उघडा, आपल्याच तालुक्याचे. आणि त्याआधी आम्हा शिक्षकांना ते वाचायला शिकवा. आमच्यातल्या बऱ्याच जणांचे गणित दहावीलाच सुटले आहे.