अनुभव धागा: १९९४ ते ९६ चे अव्वल अल्बम – चार्ट, सीडी, कॅसेट

त्या काळातले एक नंबरचे अल्बम जमवणारे, रिप करणारे (सीडीवरचा आवाज संगणकात उतरवणारे) आणि जुन्या चार्टांच्या नोंदी लावणारे इथे बरेच आहेत. 'आमच्या कॉलेजात असताना' हा भाग जरा बाजूला ठेवू. काय करायचं, काय बिघडतं आणि का, तेवढं लिहा.

बारकोड

आधी आकडा कसला आहे ते बघा. बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाची अल्बमयादी २५ मे १९९१ च्या अंकापासून साउंडस्कॅनवर चालू लागली, म्हणजे गल्ल्यावर स्कॅन झालेल्या बारकोडवर. त्याआधी दुकानदार सांगतील ते खरं. प्लॅटिनमचा शिक्का आरआयएएचा (अमेरिकन रेकॉर्ड कंपन्यांची संघटना), आणि तो तेव्हा दुकानांकडे रवाना झालेल्या मालावर. त्यामुळे दोन्ही आकडे जुळत नाहीत म्हणून डोकं धरून बसू नका, ते जुळायचे नाहीतच.

तारखांतही गफलत होते. पर्ल जॅमचा 'व्हायटॉलॉजी' २२ नोव्हेंबर १९९४ ला फक्त एलपीवर आला आणि तेवढ्या विक्रीवर ५५ वा लागला. सीडी-कॅसेट ६ डिसेंबरला आली, आठवड्यात ८,७७,००० प्रती खपल्या, पण अव्वल दिसतो तो २४ डिसेंबरच्या अंकात. नोंदवहीत बाजारात आल्याची तारीख आणि अंकाची तारीख असे दोन रकाने ठेवा.

दुपदरी

वरच्यात भर. टुपाकचा 'ऑल आइझ ऑन मी' (१९९६) दोन सीडींचा. चार्टवर एक संच म्हणजे एक विक्री, आरआयएएकडे मात्र दोन नग. 'इतके लाख प्रती' वाचलं की आधी भागाकार करा.

आणि डिसेंबर १९९८ पर्यंत, सिंगल (एका गाण्याची सुटी सीडी किंवा कॅसेट) दुकानात नसेल तर गाणं हॉट १०० मध्ये, म्हणजे बिलबोर्डच्या गाण्यांच्या यादीत, धरतच नसत. कंपन्या मुद्दाम सिंगल काढत नसत, गाणं हवं तर अख्खा अल्बम घ्या! नो डाउटचं 'डोंट स्पीक' तिथे सापडत नाही ते यामुळेच. अल्बम मात्र नऊ आठवडे अव्वल.

शून्यावा ट्रॅक

सीडी रिप करताना लपलेली गाणी हमखास निसटतात. अलानिस मॉरिसेटच्या 'जॅगेड लिटल पिल'चा (१९९५) १३ वा ट्रॅक ८ मिनिटांहून मोठा. 'यू ऑटा नो' पुन्हा वाजतं, मग शांतता, आणि पाच मिनिटांच्या थोडं पुढे वाद्यांशिवायचं 'युअर हाउस'. आधी पूर्ण ट्रॅक रिप करून ॲक्युरेटरिपशी (इतरांच्या रिपच्या नोंदींचा ऑनलाइन साठा) ताडून घ्या, मगच कापा. आधी कापलात तर चेकसम (ताडण्याचा आकडा) जुळणार नाही. पुन्हा सीडीवर लिहायचं असेल तर काप ५८८ सॅम्पलच्या पटीतच घ्या (सेकंदाचा ७५ वा भाग). नाहीतर जोडावर बारीकसा 'टक्' येतो.

याहून मोठा चकवा ॲश बँडच्या '१९७७' नावाच्या अल्बमचा, ब्रिटनमध्ये १९९६ ला अव्वल. सुरुवातीच्या प्रतींत दोन जुनी गाणी पहिल्या ट्रॅकच्याही आधीच्या मोकळ्या जागेत आहेत. प्लेअरवर पहिलं गाणं लावून रिवाइंड दाबून धरा, वेळ उणेमध्ये जातो. संगणकावर एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी या रिपिंगच्या प्रोग्रॅममध्ये 'कॉपी रेंज' घेऊन शून्यापासून पहिल्या ट्रॅकच्या आरंभापर्यंत ओढा. नुसती शांतता आली तर सीडीला दोष देऊ नका. ती जागा बऱ्याच ड्राइव्हना वाचताच येत नाही, दुसरा लावून बघा.

लाटा

ओएसिसचा 'मॉर्निंग ग्लोरी' ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडा. लाटा नाहीत, वीट दिसते. मास्टरिंगलाच आवाज छताला भिडवलाय, तो खाली ओढून छाटलेली टोकं परत येत नाहीत. एमपीथ्री करायची असेल तर आधी १-२ डीबी उतरवा, नाहीतर डीकोड होताना टोकं आणखी वर जाऊन फाटतात.

फीत

याच अल्बमांच्या जुन्या कॅसेट लावण्याआधी फितीमागची स्पंजवर बसवलेली छोटी फेल्टची गादी बघा. ती गळून पडलेली असते, मग फीत हेडला टेकत नाही आणि आवाज गुदमरतो. पाच स्क्रूंचं चांगलं कवच घेऊन दोन्ही चकत्या फितीसकट त्यात हलवा. डिंकाने चिकटवलेलं कवच असेल तर पातीने शिवणीवर हळूहळू उकलायचं, मधोमध जोर लावला की फीत चुरगळते.

मग एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे. हेड ९९ टक्के आयसोप्रोपिलने पुसा. आता ॲझिमथ, म्हणजे हेडचा फितीशी असलेला कोन: हेडच्या दोन स्क्रूंपैकी ज्याखाली स्प्रिंग आहे तोच. मूळ जागी नेलपॉलिशचा ठिपका द्या, आवाज मोनो करा, डॉल्बी (फितीची खरखर कमी करणारी सोय) बंद ठेवा आणि अष्टमांश फेऱ्याहून कमी-कमी फिरवत झांजा सर्वांत लख्ख ऐकू येतील तिथे थांबा. स्टीरिओत हे कानाला कळत नाही. मोनोत दोन्ही बाजू एकमेकींना खातात म्हणून लगेच कळतं. डॉल्बी बी छापलेली कॅसेट असेल तर ते बटण यानंतरच. आधी लावलंत तर दबलेला वरचा सूर ते आणखी दाबतं.

रेकॉर्डिंग २४ बिट, टोक उणे ६ डीबीच्या आत. दुसरी बाजू लावली की ॲझिमथ पुन्हा तपासा, कवच उलटलं की फितीचा कोन किंचित बदलतो.