माइल्स १ तारखेआधी वापरून टाकायचे की राखून ठेवायचे?

पिंपळगावची लेक
द्राक्ष निर्यातीच्या कामामुळे दर हंगामात माझी रॉटरडॅमला एखादी फेरी होते. त्यातून एकाच विमान कंपनीचे १,३४,००० माइल्स, म्हणजे प्रवासावर मिळणारे पॉइंट, साठलेत. परवा मेल आला की पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून माइल्सवरच्या तिकिटांचे दर वाढणार. मुंबई-ॲमस्टरडॅमला एका बाजूचे आज ३२,००० लागतात, नंतर ३८,०००.

आई-नानांना नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला बहिणीकडे पाठवायचंय. दोघांचं जाणं-येणं आज १,२८,००० मध्ये बसतं. १ तारखेनंतर १,५२,००० लागतील, म्हणजे मला १८,००० कमी पडतील. माइल्स ही काही बँकेतली ठेव नाही. व्याज नाही, भाव कंपनी ठरवणार, आणि तो बदलायचा हक्क तिने नियमावलीत आधीच लिहून ठेवलेला असतो. उद्या भाव पडणार हे कळल्यावर तयार माल कोणी बागेत ठेवतं का? मी तर म्हणते, ज्यांच्याकडे माइल्स आहेत त्यांनी सगळ्यांनीच आत्ता वापरावेत.

सातपूरकर
ताई, हे पटत नाही. आधी हिशोब करा. रोख तिकीट किती?

पिंपळगावची लेक
ऑगस्टचं जाऊन-येऊन माणशी ६२,००० रुपये. माइल्सवर काढलं तरी कर आणि शुल्काचे माणशी १४,००० भरायचेच आहेत.

सातपूरकर
म्हणजे दोघांचे ९६,००० रुपये वाचतात आणि माइल्स जातात १,२८,०००. एका माइलला ७५ पैसे. नव्या दराने ६३ पैसे. फरक १२ पैशांचा, आणि तेवढ्यासाठी इतक्या वर्षांची पुंजी एका झटक्यात रिकामी करताय. मी कंपनीच्या कामाने जर्मनीला जातो, माझे माइल्स बिझनेस क्लाससाठीच ठेवतो. तिथे रोख भाडं इतकं असतं की माइलमागे दीड-दोन रुपये सहज सुटतात. दर वाढले तरी तो सौदा इकॉनॉमीपेक्षा चांगलाच राहतो. मेल आला म्हणून धावायचं, हे मला मान्य नाही.

गंगापूर रोड
सातपूरकर, तुमचं गणित बरोबर आहे, पण दर एकदाच वाढणार हे गृहीत धरलंय तुम्ही. अमेरिकेतल्या डेल्टा कंपनीने २०१५ मध्ये माइल्सचा ठरलेला दरतक्ताच काढून टाकला, युनायटेडने २०१९ मध्ये. तिथे आता मागणीप्रमाणे भाव हलतो. पूर्वसूचना देऊन दर वाढवणारी कंपनी त्यातल्या त्यात सरळ म्हणायची. आणि जेट एअरवेज आठवा. १७ एप्रिल २०१९ ला शेवटचं विमान उडालं. माइल्सचा कार्यक्रम वेगळ्या कंपनीकडे होता म्हणून आकडे शाबूत राहिले, पुढे इंटरमाइल्स असं नावही मिळालं. पण ज्या विमानात बसायचं म्हणून लोकांनी ते जमवले होते, ते विमानच राहिलं नाही. राखून ठेवण्यात हा धोका असतो.

इंदिरानगर
मी घाईत हात पोळून घेतलाय, म्हणून सांगते. अशाच एका मुदतीच्या दोन दिवस आधी, रात्री साडेअकराला, क्रेडिट कार्डाचे सगळे पॉइंट एका विमान कंपनीकडे वळवले. लगेच जमा होतील असं वाटलं होतं. चौथ्या दिवशी झाले. तोवर दर बदललेले, आणि एकदा वळवलेले पॉइंट कार्डावर परत येत नाहीत. मुलाच्या सुट्टीतल्या ज्या सीट मी रोज बघत होते, त्या नव्या दराला परवडेनात. ताई, तुमचे माइल्स खात्यात आहेत म्हणून तुमचं ठीक. पण ‘सगळ्यांनीच’ वापरावेत असं लिहू नका. ज्यांना कार्डावरून आणायचेत त्यांनी मुदत जवळ आल्यावर हात घालू नये.

पिंपळगावची लेक
मान्य. ‘सगळ्यांनीच’ हा शब्द मागे घेते. ज्यांचा प्रवास ठरलाय आणि माइल्स खात्यात पडलेत, त्यांनीच.

सातपूरकर
ठरलाय कुठे? व्हिसा आहे का?

पिंपळगावची लेक
नाही. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंतच देता येतो, म्हणजे फेब्रुवारीत. तोपर्यंत थांबले तर नव्या दराने घ्यावं लागेल. आणि तारखा पुढे-मागे करायला जागा नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, मग फुटव्यांचं काम, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी. नाना बाग सोडतील ते फक्त ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये.

गंगापूर रोड
मग आजच काढा, पण दोन गोष्टी आधी वाचा. रद्द केलं तर माइल्स परत येतात का आणि शुल्क किती. दुसरं म्हणजे तारीख बदलली तर जुना दर राहतो का. बऱ्याच ठिकाणी १ तारखेनंतर तारीख बदलली की तिकीट नव्या दराने मोजतात. आणि नाशिकजवळच्या ओझर विमानतळाहून मुंबईसाठी दिल्लीमार्गे वेगळं तिकीट जोडू नका. पहिलं विमान चुकलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. समृद्धी महामार्ग आता थेट भिवंडीजवळ आमणेपर्यंत झालाय, गाडीनेच मुंबई गाठा.

पिंपळगावची लेक
काढली. ५ ऑगस्टला जाणं, १० सप्टेंबरला परत. रद्द केलं तर सगळे माइल्स परत, शुल्क माणशी साडेसहा हजार. तारीख बदलली तर नवा दर, तुम्ही म्हणालात तसंच.

सातपूरकर
म्हणजे व्हिसा नाही मिळाला तर १३,००० गेले. मी हा धोका घेतला नसता. ७५ पैशांना तर नाहीच.

पिंपळगावची लेक
दादा, तुमच्या जागी मीही कदाचित नसता घेतला. पण बहिणीची मुलगी तीन वर्षांची झाली आणि नानांनी तिला अजून फोनवरच पाहिलंय. मघाशी तारखा सांगितल्या तर त्यांनी एकच विचारलं, “छाटणीच्या आत परत येतो ना?” हो म्हटल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरचं सप्टेंबरचं पान उलटून १० तारखेला स्वतःच्या हाताने गोल केला.