मुख्याध्यापक रजेवर असले की तुमची शाळा कशी चालते? अनुभव सांगा

मुख्याध्यापकांच्या पद्धतीमुळे शाळेचं वातावरण खरंच बदलतं का, यावर आमच्या स्टाफरूममध्ये वाद रंगला. माझी कसोटी साधी आहे: ते रजेवर असताना काय होतं? लेविन, लिपिट आणि व्हाइट या मानसशास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये मुलांच्या गटांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. हुकूम सोडणारा प्रमुख खोलीबाहेर गेला की त्याच्या गटाचं काम थंडावायचं. विचारविनिमयाने चालणाऱ्या गटाचं बऱ्यापैकी सुरू राहायचं. तुमच्याकडे काय दिसतं?

गणित शिक्षिका
आमचे आधीचे सर कडक. जरा उशीर झाला की मस्टरवर लाल शेरा. टाचणवह्या, म्हणजे तासांच्या आखणीच्या वह्या, सगळ्यांच्या पूर्ण, कारण त्या तपासल्या जायच्या. तास टाचणाप्रमाणे होतो का, ते कुणी बघत नसे. सर बाहेर गेले की व्हरांड्यात गप्पांचा फड.

नंतर आलेल्या बाई मागच्या बाकावर येऊन बसायच्या. शेरा वगैरे काही नाही. तास संपला की विचारायच्या, "त्या मुलीचं अपूर्णांकात नेमकं कुठे अडतंय?" एकदा तोच भाग त्यांनी माझ्यासमोर शिकवला. साफ फसला, आणि त्या मोकळेपणाने हसल्या. त्यानंतर आम्ही एकमेकांच्या तासाला बसू लागलो. जुनी मंडळी मात्र बरेच दिवस म्हणत होती, "गोड बोलून तपासणीच चाललीय ही." लाल शेऱ्यांची इतकी वर्षं काढल्यावर त्यांचं तरी काय चुकलं?

लिपिक
आमच्याकडे लोकशाहीचा अतिरेक! बदली तास कुणी घ्यायचा, यावरही सभा. तोवर वर्ग मोकळा.

एक पालक
"तुमचं तुम्ही बघा" हा आमच्या मुख्याध्यापकांचा खाक्या. अनुभवी शिक्षकांना तो मानवला. नवे एकटे पडले. मुलाला मोठी मुलं त्रास देत होती, तर वर्गशिक्षक पर्यवेक्षकांकडे पाठवायचे, पर्यवेक्षक परत वर्गशिक्षकांकडे.

मुख्याध्यापिका
दुसरी बाजूही ऐका. आग लागली तर मी मतं विचारत बसणार नाही, हुकूमच देणार. पण रोजच्या कामात वरच्या बाईंची वाट मला पटते. रॉबिन्सन, लॉइड आणि रो या संशोधकांनी २००८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. विद्यार्थ्यांच्या प्रगतीवर अध्यापनकेंद्री, म्हणजे शिकवण्यातच लक्ष घालणाऱ्या नेतृत्वाचा परिणाम प्रेरणा देणाऱ्या, ध्येयवादी नेतृत्वाच्या तीन ते चारपट दिसला. शिक्षकांच्या शिकण्यात मुख्याध्यापक स्वतः उतरतात, तिथे सर्वांत जास्त. मला हे करायचंय हो, पण सकाळ माहितीचे तक्ते भरण्यातच जाते. गणिताच्या बाई, तुमच्या त्या मुख्याध्यापिका अजून आहेत का?

गणित शिक्षिका
नाहीत, बदली झाली. नवे सर पुन्हा मस्टरवाले. एकमेकांच्या तासाला बसणं आम्ही सोडलेलं नाही, फक्त ते आता टाचणात लिहीत नाही.