काउंटरवर शांत, घरी आल्यावर भडका: भावनिक बुद्धिमत्ता म्हणतात ती हीच का?

डिचोलीची_फ्रंट_ऑफिस

नमस्कार. मी कळंगुटच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. अप्रेझलमध्ये सगळं चांगलं लिहून शेवटी एक शेरा आलाय: ‘इमोशनल इंटेलिजन्स सुधारण्यास वाव.’ कारण विचारलं तर म्हणाले, तू फार मनाला लावून घेतेस.

विषय नाताळच्या आठवड्यातला. पहाटेच्या विमानाने मोपाला उतरलेलं एक कुटुंब साडेसातला काउंटरवर हजर. चेक-इन दुपारी दोनला, हॉटेल फुल्ल, आदल्या रात्रीचे पाहुणे अजून खोल्यांत झोपलेले. मी सामान ठेवून घेतलं, मुलांच्या नाश्त्याची सोय केली. तरी तासाभराने ते गृहस्थ काउंटरवर हात आपटून, शिकायला आलेल्या पोरींसमोर, मला नको नको ते बोलले. मी आवाज चढवला नाही. खोली तयार झाल्यावर हसून चावी दिली. मग मागच्या खोलीत जाऊन रडले, तोंड धुतलं आणि परत उभी राहिले. ते रडणं कुणीतरी पाहिलं, त्याचा हा शेरा.

पण मला छळतंय ते वेगळंच. म्हापशाहून बस धरून घरी पोहोचते आणि मुलाने नुसतं “आई, चार्ट पेपर आणलास?” विचारलं तरी डोकं फिरतं. आई म्हणते, “भायल्यांशी गोड आणि आमच्यावर डाफरतेस.” काउंटरवर मी जे करते ती भावनिक बुद्धिमत्ता आहे की नाही? नसेल तर ती या वयात शिकता येते का? कंपनी एक दिवसाचा कोर्स करायला सांगतेय.

म्हापसेकर

ताई, मी पण हॉटेललाइनमध्येच, हाउसकीपिंगला. रडून पाच मिनिटांत परत काउंटरवर उभं राहणाऱ्या माणसाला असा शेरा देणं मला पटलं नाही. आमच्याकडे कुणी पाहुणा अंगावर आला की ड्यूटी मॅनेजर स्वतः पुढे होतो आणि त्या मुलीला दहा मिनिटं आत पाठवतो. तुमच्याकडे त्या वेळी कुणी पुढे आलं का?

अंत्रूजचा_मास्तर

मी फोंड्याकडे उच्च माध्यमिकला मानसशास्त्र शिकवतो आणि गावच्या जत्रेच्या नाटकाच्या तालमी घेतो. दोन्हींचा इथे संबंध आहे, म्हणून लांब लिहितो.

आधी शेऱ्याबद्दल. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर यांनी १९९० साली ही कल्पना शास्त्रीय लेखात मांडली आणि पुढे १९९७ मध्ये तिचे चार भाग केले: आपल्या आणि समोरच्याच्या भावना अचूक ओळखणं, विचार करताना त्यांचा उपयोग करणं, त्या कशातून उठतात आणि कुठे वळतात हे समजणं, आणि त्या हाताळणं. यात न रडणं कुठेच नाही. १९९५ च्या डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने हा विषय कचेऱ्यांपर्यंत नेला, तेव्हा त्यात चिकाटी, आशावाद, स्वभाव असं बरंच मिसळलं गेलं. तेव्हापासून साहेबाला जे आवडलं नाही ते या नावाखाली लिहिता येतं. तुम्ही शांतपणे विचारा: चारांपैकी नेमकं काय कमी पडलं?

आता तुम्ही काउंटरवर जे करता त्याबद्दल. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातल्या हवाई सुंदरींचं काम अभ्यासून १९८३ मध्ये त्याला भावनिक श्रम म्हटलं: पगारासाठी ठरावीक भावना चेहऱ्यावर ठेवणं. त्यांनी दोन तऱ्हा सांगितल्या. एकीत आत काहीही चाललेलं असो, हसू वरून चढवायचं. दुसरीत समोरच्याकडे अशा रीतीने पाहायचं की आतलीच भावना बदलेल. ही दुसरी तऱ्हा समजावताना त्यांनी रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लाव्स्कीच्या अभिनयपद्धतीचा आधार घेतला, आणि मला ती लगेच पटली ती तालमींमुळे. जत्रेतलं तीन अंकी नाटक पहाटेपर्यंत चालतं. जो पोरगा नुसता चेहरा पाडून दुःख दाखवतो तो दुसऱ्या अंकातच गळून जातो. ज्याला आपल्या भूमिकेतल्या बापाचं का बिनसलंय हे कळलेलं असतं, त्याचा आवाज शेवटपर्यंत टिकतो.

प्रयोगशाळेतही असंच दिसलं. जेम्स ग्रॉस यांनी १९९८ मध्ये लोकांना शस्त्रक्रियेची किळसवाणी फिल्म दाखवली. काहींना सांगितलं, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. काहींना सांगितलं, तटस्थ नजरेने, त्यातल्या तांत्रिक बाबींकडे पाहा. चेहरे दोन्ही गटांचे शांत झाले. पण चेहरा दाबणाऱ्यांची किळस कमी झाली नाही आणि शरीरावरचा ताण उलट वाढला. नजर बदलणाऱ्यांना किळसच कमी वाटली. वॅग्नर, बार्न्स आणि स्कॉट यांचा २०१४ चा अभ्यास बसचालकांवरचा आहे. ज्या दिवशी चालकांनी वरवरचं हसू जास्त वापरलं, त्या दिवशी त्यांची झोप बिघडली, थकवा वाढला आणि कामाचा त्रास घरापर्यंत आला. तेव्हा आईला सांगा, भायल्यांवर प्रेम जास्त आहे असं नव्हे. दिवसभर दाबलेलं घरच्या उंबऱ्यावर सुटतं.

शिकता येतं का? येतं. प्रशिक्षणाच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०१९ मध्ये निघाला, त्यात मध्यम पण खरी सुधारणा दिसते. पण एका दिवसाच्या भाषणाकडून मी फारशी आशा ठेवणार नाही. तुमच्याच काउंटरवरचे प्रसंग घेऊन पुन्हा पुन्हा सराव करून घेणारा कोर्स असेल तर जा.

स्वतःपुरतं एवढं करून पाहा. साडेसातला बॅगा ओढत येणारं कुटुंब दिसलं की ते तोंड उघडण्याआधीच मनात म्हणा: तीनला उठलेत, पोरं उपाशी आहेत, यांना खोली नव्हे, कुठेतरी पाठ टेकायची आहे. राग चढल्यावर ही नजर आणणं फार कठीण जातं, आधी आणली तर सोपं. मात्र हे थकलेल्या माणसासाठी. हात आपटून शिवीगाळ करणाऱ्याला समजून घेण्याचं ओझं तुमच्यावर नाही. तिथे वरिष्ठाला बोलवायचं, आणि पहिल्या हाकेला तो आला पाहिजे. हे वरिष्ठाचंच काम आहे, यावर माझा ठाम विश्वास आहे.

डिचोलीची_फ्रंट_ऑफिस

सर, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण नंतर चहा करून दिला. एक विचारते: बसमध्ये मी मोबाईल बघत बसते. त्या वेळात काही करता येईल?

अंत्रूजचा_मास्तर

येईल. दोन ओळी लिहा, पण ‘टेन्शन आलं’ असं नको. ‘पोरींसमोर अपमान झाला, आणि साहेब केबिनमधून बाहेर आले नाहीत’ असं लिहा. मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात रागीट, घाबरलेले चेहरे पाहताना ज्यांनी त्या भावनेला नाव दिलं, त्यांच्या मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे भीतीसारख्या भावनांना चटकन जागणाऱ्या भागाची, खळबळ कमी झाली. तुमच्या दोन ओळींत आणखी एक फायदा आहे. अपमान मुलाने केलेला नाही, हे घरी पोहोचण्याआधी स्वतःला दिसतं.

सत्तरीची_वैनी

माझे यजमान बसचालक, त्यामुळे मास्तरांचा अभ्यास माझ्या घरातलाच वाटला. आमच्याकडे ते आले की आधी आंघोळ, मग चहा, तोवर दप्तर, बिलं, शेजाऱ्यांच्या तक्रारी काही नाही. मुलांना हे कारणासकट सांगितलंय. लहान असताना दारातच पायांना बिलगायची, आता घड्याळ बघून येतात. तुमचा मुलगा चार्ट पेपर मागण्याएवढा मोठा आहे, त्याला सांगा की दिवस कसा गेला. आणि चार्ट पेपर हवा असला तर दुपारीच मेसेज कर म्हणावं, म्हापशाला स्टँडजवळ मिळतो.

डिचोलीची_फ्रंट_ऑफिस

वैनी, आजपासूनच. म्हापसेकर, तुमचा प्रश्न राहिला होता: नाही, कुणी पुढे आलं नाही. सोमवारी मॅनेजरना भेटून शेऱ्याचं विचारणार आहे, आणि त्या दहा मिनिटांचंही. तुमच्याकडे ती लेखी आहेत का?

म्हापसेकर

लेखी नाहीत. पण असा प्रसंग झाला की ड्यूटी मॅनेजर लॉगबुकात नोंद करतो: वेळ, खोली नंबर, कोण पुढे गेलं. तुम्ही नाताळचा प्रसंग तसाच लिहून न्या. शिकाऊ पोरींनी पाहिलंय, त्यांनाही विचारा.