मदत हवी आहे: रोबोट व्हॅक्यूमचा डावा बंपर सेन्सर ओळखायचा कसा, बदलायचा कसा?

मांडवीकाठी
यंत्र सुरू केलं की वीतभर मागे सरतं, उजवीकडे वळतं, पुन्हा मागे. शेवटी 'बंपर अडकला' म्हणून गप्प. हाताने दाबला तर बंपर दोन्हीकडे मोकळा हलतो. झाकण उघडल्यावर डाव्या कोपऱ्यात छोट्या पट्टीवर यू आकाराचा काळा, चार पायांचा भाग दिसतो. बंपर दाबला की प्लास्टिकची जीभ त्याच्या खाचेत शिरते. नंबर नाही. वॉरंटी संपली. घर मिरामारला, खाऱ्या वाऱ्यात. हा भाग कोणता? पणजी-म्हापशात सुटा मिळेल?

सोल्डरवाला
स्लॉट ऑप्टो आहे. एका भिंतीत इन्फ्रारेड एलईडी, समोरच्या भिंतीत फोटोट्रान्झिस्टर, म्हणजे उजेड पडला की चालू होणारा ट्रान्झिस्टर. जीभ मध्ये आली की उजेड तुटतो आणि यंत्राला वाटतं धडकलो. तुमच्याकडे जीभ बाहेर असतानाही उजेड पोचत नसावा.

लगेच बदलू नका. डाव्या-उजव्या पट्ट्यांचे कनेक्टर सारखे असतील तर अदलाबदल करा. दोष उजवीकडे गेला तर सेन्सरची पट्टी खराब, डावीकडेच राहिला तर वायर किंवा मुख्य बोर्ड.

मग बॅटरी काढून मल्टिमीटर डायोड मोडवर. ज्या दोन पायांवर एका दिशेने साधारण १.० ते १.२ व्होल्ट दिसतात आणि उलट दिशेने काहीच नाही, ती एलईडीची बाजू. पट्टीवरचे रेझिस्टर रीडिंग बिघडवू शकतात, म्हणून चांगल्या उजव्या पट्टीशी ताडून बघा. बॅटरी जोडून यंत्र जागं केलं की मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात एलईडी जांभळट दिसतो.

शेवटी ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरचा, म्हणजे त्याच्या सिग्नल देणाऱ्या पायावरचा, व्होल्टेज मोजा. बहुतेक बोर्डांत खाच मोकळी असताना तो ०.४ व्होल्टच्या खाली हवा, अडवल्यावर सप्लायच्या जवळ. अडवायला जाड काळा पुठ्ठा घ्या. साध्या कागदातून इन्फ्रारेड थोडा आरपार जातो, आणि चांगला सेन्सरही खराब वाटतो. खिडकीच्या उन्हात मोजू नका, ऊन ट्रान्झिस्टरला थेट चालू करतं.

मांडवीकाठी
अदलाबदल केली, दोष उजवीकडे सरकला. सप्लाय ३.३ व्होल्ट. मोकळी खाच १.९, अडवल्यावर ३.२. उजव्या पट्टीवर मोकळी ०.२. एलईडी दोन्हीकडे जांभळट, डावा मंद.

डिचोलीचा
१.९ म्हणजे ना धड चालू, ना धड बंद. आधी इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन खाचेच्या दोन्ही खिडक्या पुसा. थिनर किंवा अ‍ॅसिटोन नको, प्लास्टिक पांढरं पडतं. एलईडीच्या मालिकेतला रेझिस्टरही मोजा: १५० ओहमचा असेल तर साधारण १४ मिलिअँपियर येतात. पाय हिरवे झालेत किंवा ड्राय सोल्डर (कच्चा टाका) आहे, तर टाका नव्याने मारा. दर धडकेचा झटका याच टाक्यांवर येतो, आणि मिरामारसारख्या ठिकाणी खारी हवा उरलेलं काम करते.

तरी १.९ राहिलं तर बदला. दुकानात नुसतं 'सेन्सर' म्हणालात तर एलडीआर (उजेडाने रोध बदलणारा वेगळाच भाग) हातात ठेवतील, 'स्लॉट ऑप्टो' म्हणा आणि जुना भाग सोबत न्या. खाचेची रुंदी, पायांमधलं अंतर आणि खाचेच्या तळापासून खिडकीची उंची जुळायलाच हवी. बाजारातल्या एच२१ए१ या स्लॉट ऑप्टोची खाच सुमारे ३ मिलिमीटर, आयटीआर९६०८ ची ५. जीभ जाड असेल तर ३ वाल्यात घासेल.

सोल्डरवाला
एच२१ए च्या जागी एच२१बी घेऊ नका. दिसायला जुळे, पण बी म्हणजे डार्लिंग्टन, एकामागे एक जोडलेले दोन ट्रान्झिस्टर. पूर्ण चालू होऊनही तो १ व्होल्टच्या आसपास राहू शकतो, ३.३ च्या बोर्डाला तो धडपणे शून्य वाटत नाही. आत स्वतःचं सर्किट असलेला पाच पायांचा लॉजिकवालाही चालणार नाही.

काढताना विक (सोल्डर शोषणारी तांब्याची जाळीदार पट्टी) वापरा, सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांवर, एका पायाला ३ सेकंदांहून जास्त नको, अंग वितळतं. नवा बसवण्याआधी जुन्याची दिशा मोबाइलवर टिपून ठेवा. उलटा बसला तर एलईडी पेटणारच नाही. आधी एकच पाय पक्का करा, जीभ खाचेच्या मध्यावर येते का बघा, मग बाकीचे तीन. टाक्यांवर पातळ वार्निश मारा, खिडक्यांवर थेंब जाऊ देऊ नका.