बिलिंगच्या स्क्रीनला आवाज हवाच कशाला?

टंकनाथ:
आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत प्रत्येक गोष्टीला आवाज आलाय. बटण दाबलं की टिक, बिल सेव्ह झालं की टिंग, चुकलं की ढँग. साहेब खूश, मी वैतागलोय. माझं स्पष्ट मत: आवाज मुळात बंद असावा, हवा त्याने सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा. समोर एवढी मोठी स्क्रीन असताना कानाला ताप कशाला?

गल्लेवाला:
साफ असहमत. स्क्रीन बघायला वेळ कोणाला आहे? माझं मेडिकल आहे. एका हातात स्कॅनर, दुसऱ्यात गोळ्यांच्या स्ट्रिपा, समोर चार गिऱ्हाईकं. बीप आला की वस्तू लागली, पुढची घ्या.

टंकनाथ:
दादा, तिथेच फसताय. तो बीप स्कॅनरचा. बारकोड वाचला एवढंच त्याला ठाऊक. आमच्या यादीत ती वस्तू आहे की नाही, याचा त्याला पत्ता नसतो.

गल्लेवाला:
अहो, म्हणूनच तर तुमचा ढँग हवा! यादीत नसलेली वस्तू मारली की स्क्रीनवर चौकट येते. मी न बघता पुढची वस्तू मारतो. स्कॅनर म्हणजे कीबोर्डच, आकडे टाकून शेवटी एंटर मारतो. त्या एंटरने चौकट गायब. वस्तू दोन, बिलात एकही नाही. संध्याकाळी स्टॉक जुळवताना मी कपाळ धरून बसतो.

रात्रपाळी:
ढँग हवा, पण क्वचित. आयसीयूत काम करते. सगळी मॉनिटरं दिवसभर ओरडत असली की कान आपोआप बधिर होतात आणि खरा अलार्मही त्यातच विरतो. तुमचं टिक-टिंग त्याच वाटेने चाललंय.

बूथवाला:
म्हणजे काम नीट झालं तर गप्पच बसायचं? मतदान यंत्र बघा. मत नोंदलं की लांब बीप वाजतो. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी ७ सेकंद दिसते, तीही फक्त मतदाराला. बीप मात्र अधिकाऱ्यांपासून पोलिंग एजंटांपर्यंत सगळ्यांना. यूपीआयचा साउंडबॉक्सही तसाच. गिऱ्हाईकाच्या मोबाइलवरच्या स्क्रीनशॉटवर कोण विश्वास ठेवतो?

टंकनाथ:
हं, हा मुद्दा डोक्यात आला नव्हता. पण बिल सेव्ह झाल्याची बातमी अख्ख्या दुकानाला कशाला?

कानसेन:
मला दिसत नाही, एनव्हीडीए वापरतो, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. फाइल उतरत असताना तो बारीक बीप देतो, काम पुढे सरकेल तसा सूर चढत जातो. किती उरलं ते सुरावरून कळतं, बोलून सांगावं लागत नाही. तेव्हा आवाज मला हवाच. पण तुमचा टिक नेमका एनव्हीडीए वाचत असलेल्या शब्दावर पडतो. ‘रक्कम’ ऐकू येतं, पुढचा आकडा टिकने गिळलेला. सगळं मुळात बंद ठेवलंत तर ते सेटिंग शोधायचं कसं, तेही सांगा.

टंकनाथ:
बरं, शब्द मागे घेतो. टिक आजच काढतो. ढँग राहील, आणि चौकट एंटरने बंद होणार नाही, हे आधी. टिंगसाठी साहेबांशी भांडावं लागेल.

गल्लेवाला:
चालेल. फक्त ढँग जरा सौम्य करा. परवा वाजला तर समोरच्या आजी म्हणाल्या, "मी कशाला हात नाही लावला हो!"